पाळीवर चढवलेल्या दोन गाड्या

शनिवार, दिवाळी होऊन दहावा दिवस, सकाळचे साडेआठ. हजर: मी, माझे यजमान, धाकटे दीर, गोंदियाचे जावई, म्हणजे माझ्या नणंदेचे यजमान, आणि अंगणात खाटेवर उन्हाला बसलेल्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. नणंद आली नव्हती. तिला गाड्यांचा कंटाळा आहे, आणि ती आमच्या घरातली सगळ्यांत शहाणी बाई आहे.

याशिवाय अंगणात दोन गाड्या. एक लाल, दोन बाजूंना दोन दारं आणि मागे एक, वरचं छत काढून ठेवता येतं अशी. ती दिरांनी मित्राकडून दाखवायला आणली होती. त्या मित्राचा नागझिऱ्याच्या बाजूला पर्यटकांचा धंदा आहे. दुसरी काळी, लांब, पाच दारांची, पाठीवर सुटं चाक अडकवलेली. ती जावयांची स्वतःची, आणि तसलीच आम्ही घ्यावी असा त्यांचा आग्रह. दोन्ही गाड्यांचा चेहरा असा की जणू आमच्याशी भांडायला आल्या आहेत.

आमची जुनी छोटी गाडी दिवाळीच्या आधी इंजिन बसून कायमची थांबली. दुसरी घेणं भाग होतं, आणि कशासाठी हे घरात सर्वांना माहीत होतं. आत्याबाईंचं दर मंगळवारी आणि शुक्रवारी गोंदियाला डायलिसिस असतं. जायला दीड तास, मशीनवर चार तास, यायला दीड तास. एक वार चुकला की पाय सुजतात. दुसरा चुकला की रात्रभर बसून श्वास घ्यावा लागतो. तिसऱ्याबद्दल डॉक्टर बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. दिवाळीच्या दिवसांत कधी याची, कधी त्याची गाडी मागून आम्ही एकही वार चुकवला नव्हता. पण असं किती दिवस मागणार?

मी आश्रमशाळेच्या कोठीवर नोकरी करते. तांदूळ, डाळ, चादरी, बादल्या. मोजल्याशिवाय मी काही आत घेत नाही. म्हणून त्या दिवशी माझ्याकडे टेप होता, वही होती आणि वहीत दोन रकाने होते.

गाडी घ्यायची म्हटल्यावर दिरांच्या डोळ्यांपुढे डोंगर उभे राहिले होते. आमच्या दारापासून कोहमाऱ्यापर्यंत डांबरी सडक आहे, तिथून गोरेगावमार्गे गोंदियापर्यंत त्याहून चांगली. रस्त्यातलं सगळ्यांत मोठं संकट म्हणजे सडकेवर वाळत घातलेला धान. पण दीर मोबाईलवर जाहिराती पाहत होते. त्या जाहिरातींत गाडी नेहमी एकटी असते. वाळवंटात, बर्फात, नदीत. मागच्या सीटवर कधी कोणाची सासू नसते.

"वहिनी, हे गाडी कुठंबी जाते," दीर लालच्या बोनेटवर थाप मारून म्हणाले.

"दवाखान्याच्या फाटकातून आत जाते का?"

"नाल्यातून गेली, नाल्यातून! पानी इथंवरी होतं." त्यांनी छातीला हात लावला.

"आत्याबाईंना नाल्यात नेऊन काय करायचं आहे?"

जावयांनी मध्येच आपली गाडी पुढे केली. ते गोंदियाचे व्यापारी, त्यांचं मराठी दुसऱ्या वाक्याला हिंदीत उतरतं. "भाभीजी, ते खिलौना आहे. हिचा ग्राउंड क्लिअरन्स देखो. नीचे से बिल्ली निकल जाए."

"मांजर खालून जाईल," मी म्हटलं, "पण सासूबाई वरून कशा जातील ते सांगा."

खाटेवरून आत्याबाई हसल्या. त्या फार हसत नाहीत आता. हसल्या की खोकला येतो.

मी मोजायला सुरुवात केली. आत्याबाईंचा पाय किती उचलतो ते मी आधीच घराच्या पायरीवर पाहून ठेवलं होतं: एक वीत आणि दोन बोटं. लाल गाडीत पाय ठेवायची जागा माझ्या गुडघ्याच्या वर होती. मागे बसायचं तर पुढची सीट दुमडून फटीतून आत शिरायचं. सर्कशीत काम केलेल्या बाईला जमेल. काळीला पायरी होती, पण पायरीच दीड वीत वर.

"हँडल आहे ना," जावई म्हणाले. "पकडो और चढ जाओ."

मी डाव्या बाजूच्या पुढच्या दाराशी उभी राहिले आणि चढून पाहिलं. हँडल समोरच्या खांबावर, म्हणजे चढणाऱ्याच्या डाव्या हाताला. मागच्या डाव्या दारालाही तेच. आत्याबाईंच्या डाव्या हातात फिस्टुला आहे. डायलिसिसची सुई त्या हातात टोचतात, आणि त्या हातावर कसलंही वजन घ्यायचं नाही असं डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच बजावलेलं. तो हात बिघडला तर मशीन लावायला जागा राहत नाही. घरात त्या हाताने आम्ही त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही. आणि हे दोघे त्या हाताला त्यांचं सगळं अंग लटकवायला निघाले होते.

"मग उचलून ठेवू मायले," दीर म्हणाले.

"मी का धानाचं पोतं आहो का गा?" आत्याबाई खाटेवरून म्हणाल्या.

एक मार्ग निघाला, आणि तो मीच काढला. काळीच्या मागच्या उजव्या दाराला हँडल उजव्या हाताला येतं. खाली लाकडी पिढं ठेवायचं, पिढ्यावरून पायरी, पायरीवरून आत. हे दार रस्त्याच्या बाजूला उघडतं, म्हणजे उतरवताना एकाने मागे उभं राहून ट्रक अडवायचे. मी काळीच्या रकान्यात नाइलाजाने अर्धी खूण केली. लालच्या रकान्यात रेघ मारली. मंगळवारी काळी गोंदियाला नेऊन पाहायची असं ठरलं.

एवढं होईपर्यंत दोघा पुरुषांचा जीव कंटाळला होता. "टेप ठेवा वहिनी आता," दीर म्हणाले. "गाडी टेपनं नाही पायत. आमी खरी ट्रायल घेऊन येतो." दोघे दोन गाड्या घेऊन गेले. तासाभराने आले ते काचांपर्यंत चिखल घेऊन, आणि चिखलापेक्षा जास्त आनंद घेऊन. मी विचारलं नाही कुठे गेला होता. वहीत लिहिलं: ट्रायल झाली. आणि खूण केली. माझ्या वहीतली ती सगळ्यांत आळशी खूण.

मंगळवारी काळी गाडी. जावई चालवायला, दीर त्यांच्या शेजारी, मागे मी आणि आत्याबाई. यजमान शेतावर, कारण लवकर येणारा हलका धान कापून त्याच्या कडपा शेतात वाळत होत्या. जाताना दोघे पुरुष आरशात स्वतःला पाहत होते. गावात दोन माणसांनी हात केला, तेव्हा जावयांनी काच खाली घेऊन तो हात मन भरेपर्यंत स्वीकारला. गाडीचा आवाज एवढा की आत्याबाई काय म्हणतात ते मला दोनदा विचारावं लागलं. त्या म्हणत होत्या, पाणी दे.

दवाखान्याच्या गल्लीत गाडी वळेना. जावई पुढे-मागे करत राहिले, मागे रिक्षांची रांग लागली, आणि एका रिक्षावाल्याने डोकं बाहेर काढून सांगितलं, "सेठ, जंगल का रास्ता उधर है." आम्ही गल्लीच्या तोंडाशी उतरलो. दिरांनी पिढं काखेत धरलं आणि आत्याबाईंच्या मागून चालले. एवढी मोठी गाडी असलेला माणूस पिढं घेऊन दवाखान्यात जाताना मी पहिल्यांदाच पाहिला.

परतीचा प्रवास वाईट होता. मशीनवरून उठलं की आत्याबाईंचं डोकं हलकं होतं. या गाड्या खडकावर उड्या मारायला केलेल्या, त्यामुळे साध्या गतिरोधकावरही त्या उडी मारतात. गोरेगाव येईपर्यंत त्यांना दोनदा उलटी झाली. जावयांनी मागे वळून पाहिलं. त्यांची नजर आधी सीटच्या कव्हरवर गेली, मग सासूवर.

गावाच्या अलीकडे सडक आमच्या बोडीच्या खालून जाते. बोडी म्हणजे छोटा तलाव. माझ्या आजेसासऱ्यांनी आणि त्यांच्या भावांनी तो बांधला, सासऱ्यांनी जन्मभर त्याचं पाणी वाटलं. त्याच्या मातीच्या बांधाला आम्ही लिहिताना पाळ म्हणतो, बोलताना पार. पाळीतून पाणी सोडायची दगडी मोरी असते, लाकडी बूच लावलेली. तिला तुडूम म्हणतात. उशिरा येणारा भारी धान अजून उभा होता आणि त्याला शेवटचं पाणी या तुडूमातून मिळायचं होतं. खाली आमची एक बांधी, म्हणजे धानाचं खाचर, आणि बाकी सगळी दुसऱ्यांची.

आमच्या छोट्या गाडीतून बोडी कधी दिसलीच नव्हती. सडकेकडेच्या झुडपांमागे असायची. या उंच सीटवरून दिसली. त्या गाडीच्या उंचीचा मला आढळलेला हा एकमेव उपयोग.

"थांबव गा," आत्याबाई म्हणाल्या.

जावयांनी गाडी थांबवली. "क्या हुआ, माँजी? उलटी?"

"पारीवर कोन चढलं?"

दीर म्हणाले, "जनावरं असतीन, माय."

"जनावराले खूर असतेत. हे दोन लांब चिरे हायेत. आन दोनदा. एक आखूड गाडी, एक लांब." त्या काचेला कपाळ टेकवून पाहत होत्या. "साठ वर्सं हे पार पाहून राहिली मी. मले नोको सांगू."

पिढ्याची वाट न पाहता त्या घसरत खाली उतरल्या. मी कशीबशी कमरेला धरलं. पाळीच्या पायथ्याशी जाऊन त्यांनी उजवा तळहात तुडूमाशेजारच्या मातीवर ठेवला. उचलला तेव्हा ओला होता. वर चाकांनी पाळीचा माथा कापला होता, आणि तुडूमाच्या बाजूला, जिथून लाल गाडी चढवली होती, तिथे एक दगड हलला होता. पाणी बोटाएवढं पाझरत होतं. असा पाझर फार दिवस बोटाएवढा राहत नाही, आणि खाली धान उभा होता.

"आपल्या आज्यानं बांधली पार हाय, माय," दीर म्हणाले. "हत्ती चालला तरी का नाही होत. म्हनून तं..."

हे मात्र खरं होतं. दिरांना खरोखर तसं वाटत होतं. आमच्या घरात लहानपणापासून हेच ऐकवतात, की आपली पाळ फुटत नाही. ज्यांच्या घराण्यात कोणी पाळ बांधली नाही, असा माणूस तिच्यावर गाडी चढवायच्या आधी दोनदा विचार करील. आमच्यांनी एकदाही केला नाही.

"हत्ती उतरून जाते," आत्याबाई म्हणाल्या. "तुमी तं चाक गरगर फिरवून राहिले होते एकाच जागी. दिसून राहिलं मले."

घरी आल्यावर खाटेवर बसून त्यांनी आपला निकाल सांगितला. पाळ ज्याने फोडली त्याच्या घरच्यांनी आपल्या हाताने भरायची, मजूर लावायचा नाही, आणि ती भरेपर्यंत त्या घराने गावाबाहेर पाय टाकायचा नाही, कारण पाळ फुटली तर धावायला माणूस जागेवर पाहिजे. हा आमच्याकडचा जुना रिवाज. सासऱ्यांनी तो दुसऱ्यांना लावला होता. आता त्या स्वतःला लावत होत्या.

"म्हणजे शुक्रवारी?" मी विचारलं.

"पार झाली तं जाईन."

"आत्याबाई, शुक्रवार चुकवता येत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"खाली दुसऱ्याचा धान हाय वं. मी मशीनीवर झोपून राहू आन त्याचा धान बुडू देऊ?"

माझे यजमान फावडं शोधायला उठले. घरात या विषयावर त्यांचं कोणी ऐकत नाही. मी वहीत नवीन पान घेतलं. वर लिहिलं: शुक्रवार, सकाळी सहा. खाली कामांच्या दहा ओळी. हाताशी दोन दिवस आणि तीन पुरुष.

त्याच संध्याकाळी, जावई गोंदियाला परतायच्या आधी, दिरांनी पहिल्यांदा जेसीबी मागवायचं म्हटलं. आत्याबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, आणि जेसीबीचा विषय संपला. मग माती. पाळीला चिकण माती लागते, ती बोडीच्या वरच्या टोकाला मिळते. मी म्हटलं, पोत्यांत भरून गाडीतून आणा, एवढ्या दणकट गाड्या दारात आहेत. दोघांची तोंडं पाहण्यासारखी झाली. लाल गाडी मित्राची, ती त्यांनी धुऊन ठेवली होती. काळीत नवीन मॅट टाकली होती. नाल्यातून जाणाऱ्या, डोंगर चढणाऱ्या, मांजर खालून काढणाऱ्या दोन गाड्यांमध्ये मातीची चार पोती नेता येत नव्हती, कारण डाग पडले असते.

शेवटी बुधवारी सकाळी दूधवाल्याने आपली जुनी व्हॅन दिली. पांढरी होती कधीतरी. मागची सीट काढलेली, बाजूला सरकतं दार, कॅन ठेवून ठेवून तळाचा पत्रा चेपलेला. त्याने कॅन उतरवले आणि म्हटलं, "घ्या, धुतलं की झालं." त्या दिवशी तिने माझ्या मोजणीप्रमाणे अकरा खेपा केल्या.

जावई बुधवारी आले नाहीत. फोनवर म्हणाले, दुकान आहे, आणि शिवाय ससुराल में दामाद फावडा चलाएगा तो लोग क्या कहेंगे. आमच्याकडे जावयाला काम सांगत नाहीत, हे खरं आहे. आत्याबाईंनी फोन मागून घेतला.

"जवाईबापू, तुमचे पाय मी धुते दर सनाले. ते पाय पारीवर चढले असते तं मी काई म्हटलं नसतं. चाकं चढले. चाकं काई माह्ये जवाई नाही."

गुरुवारी ते आले. पांढरे बूट घालून. दुपारपर्यंत बूट कोणत्या रंगाचे होते ते सांगता आलं नसतं. दोघा गाडीशौकिनांना घमेलं डोक्यावर घेऊन पाळ चढताना मी पाहिलं. चारचाकीने जी चढण त्यांनी आरोळ्या मारत पार केली होती, ती पायाने चढताना दर पाचव्या खेपेला ते बसत होते. माझे यजमान धुम्मस घेऊन माती ठोकत होते. ते आयुष्यभर शेतात राबलेले, त्यांना दम लागत नव्हता. आत्याबाई खाट पाळीखाली आणवून तिच्यावर बसल्या होत्या आणि कुठे पोकळ आवाज येतो ते कानाने सांगत होत्या. "तिथं ठोक. नाही, तुह्या डाव्या पायाखाली. आयकू नाही येत का गा?" त्यांचे पाय सुजायला लागले होते. मी ते पाहत होते आणि घड्याळ पाहत होते. कामाच्या यादीतल्या दहा ओळींपैकी सहा झाल्या होत्या.

"वहिनी, इतकं तं शाळेतबी नाही मारलं कोनी," दीर एकदा माझ्याजवळून जाताना कुरकुरले. त्यांच्या तळहातांना फोड आले होते.

"ट्रायल चालू आहे," मी म्हटलं.

दिवस मावळता माथ्यावरचे चिरे भरून, ठोकून, वर हरळीचे गड्डे बसवून झाले. आठ, नऊ. दहावी ओळ राहिली: तुडूमाजवळ हललेला दगड काढून नीट बसवणं आणि त्यामागची दीड हात माती. यजमानांनी पाण्यात उतरून पाहिलं आणि मान हलवली. दगड अर्धा पाण्याखाली. बोडीचं पाणी उतरल्याशिवाय तो काढला तर पाळच उघडी पडेल. त्यांनी मातीच्या पोत्यांचा ढीग आतून लावला. पाझर थांबला. पण काम संपलं असं म्हणता येणार नव्हतं, आणि आत्याबाईंना खोटं सांगायची आमच्यापैकी कोणाची हिंमत नव्हती.

शुक्रवारी पहाटे सहा वाजता मी वही घेऊन त्यांच्या खाटेशी गेले. त्यांचा श्वास जिना चढून आल्यासारखा होता.

"दहा कामं होती, नऊ झाली," मी सांगितलं. "दहावं पाणी उतरल्यावर होईल. त्याआधी कोणीच करू शकत नाही. मामंजी असते तर त्यांनीही थांबायला सांगितलं असतं."

"पोते कोनं लावले?"

"तुमच्या मोठ्या मुलाने. आणि आज तो बोडीवरच बसून राहणार आहे, तुम्ही येईपर्यंत. धावायला माणूस जागेवर आहे."

त्यांनी बोटांवर नऊपर्यंत मोजलं. मग म्हणाल्या, "वहीत लिव्ह. दहावं बाकी."

"लिहिलं आहे."

"दाखव."

मी पान त्यांच्यापुढे धरलं. त्यांना वाचता येत नाही, पण कोणत्या ओळीला खूण नाही ते त्यांना कळतं. त्यांनी ती ओळ बोटाने शोधली आणि मग पाय खाली सोडले.

दारात काळी गाडी उभी होती, जावयांनी पिढंही काढून ठेवलं होतं. त्यांना खरोखर भरपाई करायची होती. मी ते नाकारत नाही. पण आत्याबाई तिच्या पलीकडे उभ्या असलेल्या दूधवाल्याच्या व्हॅनकडे चालू लागल्या. दूधवाला सकाळचं दूध पोहोचवायला गोंदियालाच निघाला होता. त्याने मागची सीट परत बसवून घेतली होती, धुतली होती, तरी आत मातीचा आणि दुधाचा वास होता. दार बाजूला सरकलं. आतला तळ जमिनीपासून एक वीत आणि थोडा. आत्याबाईंनी उजवा हात दाराच्या कडेला टेकवला, पाय उचलला आणि आत जाऊन बसल्या. कोणी धरलं नाही. डावा हात पदराखाली होता.

"ये तो डब्बा है," जावई हळूच म्हणाले.

"हो," मी म्हटलं, "आणि सासूबाई डब्यात बसल्या आहेत."

लाल गाडी दिरांनी मित्राला परत केली. काळी जावयांच्या दारात उभी असते. नणंद भाजीला स्कूटरवरच जाते. माझ्या वहीत आता तिसरा रकाना आहे, सरकत्या दाराच्या व्हॅनचा, आणि त्यात खुणा भराभर पडत आहेत. तोपर्यंत मंगळवार-शुक्रवार दूधवाल्याबरोबर. अजून एकही वार चुकला नाही.

भारी धानाला शेवटचं पाणी दिलं, तेव्हा तुडूमाचं बूच यजमानांनी स्वतः काढलं आणि पोत्यांवर हात ठेवून उभे राहिले. पाणी हळूहळू उतरतं आहे. दगड अजून चार बोटं पाण्यात आहे. व्हॅन बोडीखालून जाते तेव्हा आत्याबाईंना झुडपांमुळे पाळ दिसत नाही. त्या मला विचारतात, आणि मी वही न उघडता सांगते. दहावं काम: तुडूमाजवळचा दगड आणि दीड हात पाळ. बाकी.